वरचा आवाज

टाळ्या वाजवून झाल्यावर सहदेव घाडीच्या लक्षात आलं, की तबकडी अजून फिरतेच आहे. कँटीनमध्ये दीडशे माणसं होती आणि टाळ्या वाजवणारा तो एकटाच होता. बाकीचे सगळे चहाचे पेले हातात धरून, तोंडं अर्धवट उघडी टाकून टेबलावरच्या ग्रामोफोनकडे बघत होते, आणि आता ते सहदेवकडे बघायला लागले. ती तबकडी विलायतेहून आली होती. हार्कनेस कंपनी पंधरा वर्षांनी पुन्हा मोठ्या मोटारशर्यतींत उतरणार होती, येत्या उन्हाळ्यात तिची नवी गाडी फ्रान्सात धावणार होती, आणि त्या गाडीच्या इंजिनाचा आवाज कंपनीने देशोदेशींच्या आपल्या कारखान्यांना पाठवला होता. मुलुंडच्या कारखान्यालाही. तबकडीच्या एका बाजूला चेअरमनचं भाषण होतं, ते कुणाला समजलं नाही. दुसऱ्या बाजूला नुसतं इंजिन. सहदेवने ते मन लावून ऐकलं होतं. आधी भाताचं आधण उकळावं तशी खदखद आली, मग ती चढत गेली, चढत गेली, आणि संपली. संपली म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या. त्यात चुकलं काय हे त्याला कळेना. तो हात तसेच जुळवून उभा राहिला. तेवढ्यात पलीकडे पेंटिंगवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या, मग फिटरांनी, मग सगळ्यांनी, आणि कँटीनचे पत्रे हादरले. बडा साहेब पाइप हातात घेऊन हसत हसत काहीतरी बोलला. मधुकर सबनीस त्याच्या शेजारी होता. पार्ल्याचा पोरगेला इंजिनिअर, साहेबाचं इंग्रजी मराठीत आणि कामगारांचं मराठी इंग्रजीत करायचं काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलेलं. तो मोठ्याने म्हणाला, "साहेब म्हणतात, घाडीमिस्त्रींना बरोबर कळलं. इंजिन जिथं टोकाला पोचलं, तिथंच यांची टाळी पडली!"

यावर पुन्हा टाळ्या झाल्या. मग साहेबाने जाहीर केलं, की विलायतेत कंपनी उतरतेय तर मुंबईनेही मागे राहायचं कारण नाही. पुढच्या महिन्यात जुहूच्या विमानतळावर मोटार क्लबच्या शर्यती आहेत, तिथं मुलुंडच्या कारखान्याची गाडी धावेल. चालवील सबनीस. आणि इंजिन लावून देईल तोच माणूस, ज्याने एकोणीसशे एकोणचाळीस साली लावून दिलं होतं. लोकांनी सहदेवच्या पाठीवर थापा मारल्या. दशरथ त्याच्या बेंचवर काम करायचा आणि घाटकोपरला त्याच्याच चाळीत राहायचा. तो म्हणाला, "झकास, मिस्त्री! आता ऐका काय ऐकायचं ते." सहदेव हसला. पण पांगापांग झाल्यावर तो ग्रामोफोनपाशी गेला आणि सबनीसला म्हणाला, एकदा परत लावा, नीट ऐकतो. सबनीसने खुशीने लावली. या खेपेला सहदेवने कान ऐकत असताना डोळ्यांनी सुईवर नजर ठेवली. खदखद आली, चढली, बारीक झाली, संपली. सुईला अजून दोन बोटं जागा होती. ती दोन बोटं ती मुकाट्याने चालत राहिली आणि सबनीसचा चेहरा मात्र खुलत गेला, भुवया वर गेल्या, ओठ गोल झाले. सहदेव सुईकडे बघत होता, सबनीसकडे बघत होता. एवढी मोठी गोष्ट झाली आणि आपल्याला पत्ताच नाही. इतकी वर्षं ज्या कानाची आपण मिजास केली तो कधीच दुकान बंद करून निघून गेला होता, आणि आपण बाहेर पाटी तशीच ठेवून बसलोय. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, का कोण जाणे, थोडं हसूही आलं.

संध्याकाळी तो नेहमीसारखा सायकलवरून आग्रा रोडने घाटकोपरला निघाला. उन्हं कलली होती, हवेत माघातला गारवा होता, डाव्या हाताच्या शेतांतून गवत कापून नेणाऱ्या बायका भारे डोक्यावर घेऊन चालल्या होत्या. त्याने अंगठ्याने घंटी दाबली. कितीतरी महिने ही घंटी वाजत नव्हती. तेल देऊन झालं, उघडून पुसून झालं, मग गंजली असेल म्हणून त्याने नाद सोडून दिला होता. आज त्याने घंटी दाबली आणि पुढच्या दोघीजणी भाऱ्यासकट टुणकन बाजूला झाल्या. त्याने पुन्हा दाबली. दुसरी बाई वळून तोंड वेंगाडून काहीतरी बोलली. 'मेल्या, रस्ता काय बापाचा?' असं असावं. म्हणजे घंटी ठणठणीत होती. मग त्याला मागून येणारे ट्रक आठवले. हल्ली ट्रकवाले अगदी अंगाशी येऊन जातात, भोंगा वाजवायची रीतच राहिली नाही, असं तो चार ठिकाणी बोलला होता. ते ड्रायव्हर पुढे जाऊन, मान बाहेर काढून त्याला आयमाय का उद्धरतात, याचाही त्याला अचंबा वाटायचा. बिचारे! भोंगे वाजवून वाजवून दमले असतील. सहदेव रस्त्याच्या अगदी कडेला, मातीवरून सायकल चालवू लागला आणि दर दोन मिनिटांनी मागे वळून बघू लागला. असं वळताना एकदा हँडल गेलंच, तो एका दगडावरून उडाला आणि पाय टेकून सावरला. काही झालं नाही. पण आपण इतकी वर्षं असे मोकळेपणी, मजेत, मालवणी गाणं गुणगुणत या रस्त्याने येत होतो याचं त्याला नवल वाटत राहिलं.

आणि माणसं? माणसांचं बोलणं तर त्याला सगळं कळत होतं. सबनीसचं कळत होतं, दशरथचं कळत होतं. बहिऱ्या माणसासारखं 'काय? काय?' त्याने कधी केलं नव्हतं. मग कोपऱ्यावरच्या पानवाल्यापाशी सायकल टेकवून तो उभा राहिला आणि त्याला ते उमगलं. पानवाला खाली बघून चुना लावत बोलत होता आणि सहदेवला नुसती कुजबुज येत होती. पानवाल्याने मान वर केली आणि 'बडीशेप जास्त?' हे शब्द लख्ख आले. ते कानातून आले नव्हते. ते पानवाल्याच्या तोंडावर लिहिलेले होते. हे लिहिलेलं वाचायला तो कुठे शिकला तेही त्याला त्याच क्षणी आठवलं. सोळाव्या वर्षी गावाहून चुलत्याबरोबर तो मुंबईला आला तेव्हा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात लागला. शेकडो साचे, म्हणजे विणायचे माग, एकदम चालायचे, त्यांतले धोटे इकडून तिकडे आपटायचे. त्या आवाजात आवाजाने बोलायचा प्रश्नच नव्हता. लोक तोंडाने बोलायचे, गळ्याने नाही. ओठ मोठे मोठे करून, जीभ दाखवून, चार साच्यांपलीकडच्या माणसाला सांगायचे, की अमक्याच्या घरी मुलगा झाला, तमक्याने म्हातारीला गावी पाठवलं. पहिले आठ दिवस सहदेवला वाटलं ही सगळी माणसं वेडी आहेत. महिन्याभरात तोही त्यांच्यासारखा मासळीगत तोंड करायला लागला, आणि नऊ वर्षं केलं. लग्न झाल्यावर जानकी हसायची. "तोंड केवढा उघडतास! माशी जायत." मोटारीच्या कामात आल्यावर ते मोठं तोंड गेलं. बघायची सवय तेवढी राहिली. सवय राहिली आणि ती हळूहळू कानाचं काम करायला लागली, आणि दोघांनी मालकाला काही कळवलं नाही. आता इंजिनाला तोंड नसतं, एवढीच काय ती अडचण.

एकोणचाळीस साली मात्र कान होता. त्याबद्दल सहदेवला तेव्हाही शंका नव्हती, आजही नव्हती. जुहूच्या धावपट्टीवर सकाळी वारा समुद्राकडून येत होता, माडांच्या झावळ्या सळसळत होत्या, ती सळसळसुद्धा त्याला आठवत होती. इंजिन चालू करून, त्याच्यावर जोर टाकून, तो डोळे मिटून उभा राहायचा आणि टायमिंग पुढे घेत जायचा. ठिणगी जितकी लवकर पडेल तितकी ताकद जास्त, पण एका जागी इंजिन कुरकुरतं. फार बारीक, कुणी दुसऱ्या खोलीत बांगड्या हलवाव्या तसा आवाज येतो. तो आवाज आला की केसभर मागे यायचं. ती केसभर जागा पुस्तकात सापडत नाही. ती सापडणारा माणूस म्हणून साऱ्या मुंबईच्या मोटारवाल्यांत त्याला 'कानवाला घाडी' म्हणायचे. त्या दिवशी हार्कनेसची गाडी पहिली आली आणि गोऱ्या ड्रायव्हरने गाडीतून उतरल्यावर आधी याचा कान धरून हलवला. त्यानंतर सहा महिन्यांनी लढाई लागली, शर्यती बंद झाल्या, कारखाना लष्करी गाड्या करायला लागला, मग मुलुंडला आला. आठ वर्षं सहदेव टेस्टच्या खोलीत धडधडणाऱ्या इंजिनांच्या मध्ये उभा राहिला, कानात बोळेसुद्धा न घालता. कानवाल्या घाडीने कानात बोळे घालायचे? लोक काय म्हणतील! आणि पुढे रोजच्या गाड्या लावायला कानाची गरजच कुठे पडली? खुणा ठरलेल्या असतात, हाताला सवय असते, बॉनेटवर तळवा ठेवला की इंजिन सरळ चालतंय की लंगडतंय ते कळतं. डॉक्टरची किंवा शेटजीची गाडी केसभर इकडेतिकडे झाली तर त्यांना काय कळणार होतं? कुणाची तक्रार आली नाही. सुख म्हणतात ते हेच, असं तो मानून चालला होता, आणि ते खोटं होतं असंही नव्हतं.

चाळीच्या गॅलरीत तो बूट सोडायला बसला. कठड्यावर चिमण्या होत्या. हल्ली घाटकोपरच्या चिमण्या मुक्या झाल्यात असं तो म्हणायचा, वस्ती वाढली ना, बिचकतात. दशरथ त्यावर हसून सोडून द्यायचा, त्याला ती थट्टा वाटायची. आता सहदेवने नीट पाहिलं. चिमण्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, भांडण चाललं होतं जोरात. त्याला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. तो किती तरी वेळ बघत बसला. आत जानकी शेगडीपाशी होती. तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला, तिच्याकडे पाठ करून, आणि वाट बघू लागला. फोडणीचा वास आला. लसणीचा आला, मग मिरचीचा ठसका आला. मोहरी तडतडली असणार, पळी कढईवर आपटली असणार, बांगड्या वाजल्या असणार. खोली अगदी शांत होती. आणि जानकी काहीच बोलत नव्हती. दिवसभर एकटी असलेली बाई नवरा आल्यावर काहीच बोलत नाही? हल्ली जानकी मितभाषी झालीय, वयाने माणूस निवतं, असं त्याच्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं. मग ती उठली, फिरून त्याच्या पुढ्यात आली, उकिडवी बसली, पदराने हात पुसले आणि बोलायला लागली. "भिंतीत काय बघतास? बांगडो आणलंय आज." आणि मग नळाचं, शेजारणीचं, रेशनवरच्या तांदळाचं, भराभर, साठवलेलं सगळं. सहदेव तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ही रोज अशीच समोर येऊन बसते. कितीतरी वर्षं. ही कधीच मागून बोलत नाही.

"जानके," तो म्हणाला, "माका आयकाक येणा नाय."

"मगे?" जानकी म्हणाली.

"मगे काय? तुका ठावक आसा?"

"चार वर्षां झाली. मागसून हाक मारलंय तर तुमी वळणास नाय. मगे मी समोर येवन बोलूक लागलंय. ह्यात काय सांगूचा? तुमचो कान, तुमका कळाक नको? माका वाटला तुमका ठावक आसा."

सहदेवला हसू आवरेना. तो हसला तशी तीही हसायला लागली. चार वर्षं एका खोलीत राहून दोघांनीही एकमेकांना समजून घेतलं होतं आणि विचारलं मात्र कुणीच नव्हतं. त्याला तिच्याबद्दल एकदम फार माया वाटली. दिवसातून किती वेळा ही उठून, वळसा घालून, समोर येऊन बसली असेल, कढई करपू देऊन! एकदाही कुरकुर नाही. त्याला ते बोलून दाखवायचं होतं, पण असलं बोलायची त्यांच्यात पद्धत नव्हती, म्हणून त्याने बांगड्याची आमटी कशी झालीय ते न चाखताच सांगून टाकलं. जानकी उठता उठता थांबली. पुन्हा खाली बसली. या खेपेला तिचं तोंड सावकाश हललं. "वनीचा मात्र वायट झाला," ती म्हणाली. "तिना तुमका तीनदा विचारल्यान. दाराआडसून. तुमी कायएक बोलूक नाय. तिका वाटला, तुमची ना आसा. माका तिना आत्ता दिवाळीत सांगल्यान, तवसर वेळ गेललो."

वनमाला त्यांची एकुलती एक. मागच्या साली मॅट्रिक झाली, चांगल्या मार्कांनी झाली, आणि मग घरातच राहिली, शिवणकाम करू लागली. मुलीला पुढे शिकायची हौस नाही, असू दे, असं सहदेवला वाटलं होतं. आता ती बाहेरून पाणी घेऊन आली तेव्हा त्याने तिला घागर ठेवायला लावली. "वनी, हय ये. समोर बस. काय विचारललंस माका?"

वनमालाने आईकडे पाहिलं. मुलगी बापाला जरा भिऊनच असायची. तेही का, ते त्याला आता कळलं. "कॉलेजात जाऊ का, असं विचारलं होतं," ती म्हणाली. "जूनमध्ये."

"मगे?"

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"जा," सहदेव म्हणाला. "जा म्हणतंय ना. जा."

"आता पुढच्या जूनपर्यंत थांबायला हवं, बाबा," ती म्हणाली, आणि एवढं हसली की तिला ते लपवायला तोंडावर हात धरावा लागला. तोंडावर हात आल्यामुळे पुढचं काही सहदेवला कळलं नाही. त्याने तो हात धरून बाजूला केला आणि म्हणाला, परत बोल. पण त्या रात्रीच्या जेवणात बांगडा गोड लागला तरी तिचं बुडालेलं वर्ष काट्यासारखं त्याच्या घशात अडकून राहिलं. सात महिने तिने शिवणाच्या मशिनवर घालवले होते, आणि ते त्याने तोंडातून एक अवाक्षर न काढता घेतले होते. गप्प बसलेल्या माणसाला लोक आपापल्या परीने ऐकतात. कँटीनमध्ये त्याच्या टाळीला ऐकलं तसंच.

पुढचे आठ दिवस गाडी तयार होत होती. दोन माणसांची हिरवी गाडी, मागचं छप्पर काढलेलं, दारं काढलेली. सहदेवला ते काम इतकं आवडत होतं, की खुर्चीवर बसून जेवायचंसुद्धा त्याला सुचत नव्हतं. व्हाल्व्ह घासून बसवणं, त्यांची फट मोजणं, कार्बोरेटरच्या बारीक तोट्या फुंकून साफ करणं. हात सगळं विसरलेले नव्हते. पंधरा वर्षांनी कंपनी परतली, त्यात आपणही परतलो, असं त्याला वाटे, आणि मग दुपारी एखाद्या क्षणी हातातला पाना थांबे. सांगायचं की नाही? न सांगता निभावलं असतं. टायमिंग खुणेच्या जरा मागेच ठेवायचं, म्हणजे इंजिन कुरकुरायचा प्रश्न नाही. गाडी धावेल, मागे पडेल, लोक म्हणतील नशीब. कानवाला घाडी तसाच राहील. पण मागे ठेवल्यावर सबनीस गप्प बसणार नव्हता. तो ताकद मागणार होता, मिस्त्री अजून थोडं पुढे घ्या म्हणणार होता, आणि सहदेव मान हलवून पुढे घेणार होता. त्या जागेच्या पुढे इंजिन कुरकुरत राहिलं आणि कुणी ऐकलं नाही, तर काय होतं ते त्याने पाहिलेलं होतं. पिस्टनला भोक पडतं, इंजिन धावता धावता जाम होतं, मागची चाकं जागच्या जागी थांबतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. सबनीसचं लग्न ठरलं होतं. तो रोज सकाळी येऊन गाडीच्या नाकावर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, तुम्ही आहात म्हणून बिनधास्त आहे हां मी." असं कुणी म्हटल्यावर सांगणं अधिकच जड व्हायचं. बुधवारी सांगू, म्हणता गुरुवार आला. गुरुवारी साहेब शेजारी होता. शुक्रवारी सबनीस स्वतःच रजेवर होता, आणि सहदेवला त्याचा चक्क आनंद झाला.

शनिवारी सकाळी सात वाजता जुहूला चाचणी होती. गाडी ट्रकवर घालून नेली. धावपट्टी रिकामी होती, एका टोकाला फ्लाइंग क्लबचं विमान ताडपत्रीखाली झोपलं होतं. वारा समुद्राकडूनच येत होता. माडही होते आणि झावळ्या हलत होत्या. साहेब पाइप तोंडात धरून उभा होता, दशरथ आणि आणखी दोघे फिटर चाकांशी होते. सबनीस गॉगल कपाळावर चढवून आत बसला आणि त्याने इंजिन चालू केलं. सहदेवने ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर सैल केला, एक हात त्यावर ठेवला, दुसरा बॉनेटच्या कडेवर. तळव्याखाली इंजिन धडधडत होतं, मोठं, निरोगी, एकसारखं. सबनीसने गिअर टाकून, ब्रेकवर पाय धरून त्याच्यावर जोर टाकला आणि सहदेवकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. सहदेव सवयीने डोळे मिटायला गेला. त्याने डिस्ट्रिब्युटर जरा फिरवला. तळव्याखालचं धडधडणं वाढलं. आणखी जरा फिरवला. ताकद येत होती, ती मनगटापर्यंत जाणवत होती, किती छान जाणवत होती! बांगड्या वाजत असतील आता, किंवा नसतील. दुसऱ्या खोलीचं दार बंद होतं. नुसती मान हलवायची होती. त्याने मान हलवली असती तर सबनीस गॉगल डोळ्यांवर ओढून निघाला असता.

सहदेव गाडीला वळसा घालून गेला, आत वाकला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं?" सबनीस म्हणाला.

"मला ऐकू येत नाही," सहदेव म्हणाला. आपला आवाज मोठा निघाला की बारीक, हेही त्याला समजलं नाही. "खालचं येतं. वरचं येत नाही. चार वर्षं झाली. त्या दिवशी तबकडी अर्धीच ऐकली मी. आता इंजिन कुरकुरत होतं का नव्हतं, मला माहीत नाही, सबनीससाहेब. तुम्ही माझ्यावर जाऊ नका."

सबनीस आधी हसला, मग हसायचा थांबला. मग त्याने मान खाली घातली, स्टिअरिंगकडे बघत तो काहीतरी बोलला, बराच वेळ बोलला. सहदेवने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्याकडे बघून बोला," तो म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं. ते वाटलं होतं तितकं जड नव्हतं. सबनीसने वर पाहिलं. त्याचे डोळे जरा लाल झाले होते. "म्हटलं, कुरकुरत होतं," तो म्हणाला. "बारीक. मला वाटलं मिस्त्रींनी ऐकलंच असेल, आपण कोण बोलणार?"

साहेब जवळ आला. सबनीसने त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. सहदेव त्या वेळात स्वतःच्या बुटांकडे बघत होता. आता कानवाला घाडी संपला, हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि दुःख होत होतं, खरंच होत होतं. पण त्या दुःखाच्या शेजारीच खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं वाटत होतं, त्याला तो काय करणार? त्याने वर पाहिलं तर साहेब त्याच्याकडेच बघत होता. साहेबाने पाइप तोंडातून काढला, मिशी बोटाने बाजूला केली आणि सावकाश दोन शब्द बोलला. त्यातला पहिला 'ऑल' होता, दुसरा 'राइट' असावा. मग साहेबाने सबनीसला काही विचारलं. सबनीस म्हणाला, "साहेब विचारतात, मग आता काय करायचं?"

सहदेव पुन्हा डिस्ट्रिब्युटरपाशी आला. "तुमचा कान चांगला आहे," तो सबनीसला म्हणाला. "तुम्ही ऐका. माझ्याकडे तोंड ठेवा. कुरकुरलं की बोला. आवाज नको, नुसतं तोंड." इंजिन पुन्हा चालू झालं. सबनीसने जोर टाकला आणि चेहरा सहदेवकडे केला. सहदेवने टायमिंग अगदी मागे घेतलं आणि मग तिथून हळूहळू पुढे सरकवत निघाला, एक हात डिस्ट्रिब्युटरवर, डोळे सबनीसच्या ओठांवर. ओठ मिटलेले. मिटलेले. तळव्याखाली ताकद चढत गेली. मग त्या ओठांत एक बारीक फट पडली आणि दात दिसले. सहदेवने केसभर मागे घेतलं. ओठ मिटले. त्याने आवळून टाकलं. केसभर जागा तिथंच होती, पंधरा वर्षांपूर्वी होती तिथं. ती सापडल्यावर जो आनंद व्हायचा तो तसाच्या तसा झाला, तसूभर कमी नाही.

गाडी निघाली. ती लांब लांब गेली, धावपट्टीच्या पार टोकाला हिरवा ठिपका झाली, आणि सहदेवला तर तिचा आवाज अर्ध्या वाटेवरच दिसेनासा झाला. ठिपका वळला, परत फिरला. सहदेवने दोन्ही हात मागे बांधले आणि कुणाला म्हणून नव्हे, सगळ्यांनाच, मोठ्याने विचारलं, "काय रे, कशी वाजतेय? सांगा की."

साहेब वळला, दशरथ वळला, दोघे फिटर वळले. चौघेही त्याच्या पुढ्यात येऊन उभे राहिले आणि एकदम बोलायला लागले, तोंडं मोठी मोठी करून, हात उडवत.

"अरे, एकेक बोला," सहदेव म्हणाला. "मला एका वेळी एकच तोंड ऐकू येतं."